जोडीदाराने भरायचा कागद

"चार झाल्या. पाचवी मुलाखत कुठाय?" मुद्रितशोधकानं चष्म्यावरून पाहत विचारलं.

"पाचवी पळाली," ती म्हणाली.

"पळाली म्हणजे?"

"सलूनवाल्याची बायको हो. कागद वाचला आणि म्हणाली, आमचे हे घोरतच नाहीत. आणि हे मागच्या खुर्चीत बसून घोरत होते."

मुद्रितशोधकाला ऑफिसात सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण जिना चढतानाही तो दर चार पायऱ्यांनी थांबे. आता तो मोठ्यानं हसला आणि लगेच हसू आवरतं घेतलं. गेले आठ महिने तिच्यासमोर सगळेच असं अर्धवट हसत. तिला त्याचं काही वाटत नसे. हल्ली कशाचंच फारसं वाटत नसे. चहा गार झाला तरी ती तो तसाच पिऊन टाकी आणि कप ठेवल्यावर तिच्या लक्षात येई.

झोपेच्या आजारांचे फ्रेंच शब्द इंग्रजीत आणायचे, हे तिचं काम. पावणेतीन वर्षांपूर्वी ती शब्दसूची हातात आली, तेव्हा वर्णक्रमानं पहिल्याच पानावर 'आप्ने' होता. झोपेत दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबणे. इंग्रजी शब्द तयारच होता. तिनं तो लिहिला आणि पुढच्या ओळीवर गेली. त्यापेक्षा 'इव्ह्रेस द्यु सॉमेय'नं जास्त छळलं. झोपेची नशा. माणूस उठतो, बोलतो, पण धड जागा नसतो. त्या शब्दावर दोन दिवस गेले. "तुझ्यासाठीच केलाय बघ फ्रेंचांनी," असं तिनं नवऱ्याला सकाळी चिडवलंही होतं, तो डाव्या पायात उजवी चप्पल घालत असताना.

आता उरला होता शेवटचा कागद, जोडीदाराने भरायची प्रश्नावली. झोपेतल्या माणसाला आपलं काय होतं ते ठाऊक नसतं, म्हणून डॉक्टर शेजारी झोपणाऱ्याला विचारतात. प्रश्नांचं भाषांतर झालं होतं. पण ते सामान्य माणसाला नीट कळतं का, हे पाच जणांवर तपासून पाहायचं होतं. समोरच्यानं प्रश्न मोठ्यानं वाचायचा, त्यात काय विचारलंय ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि मग उत्तर द्यायचं. भाषांतरकारानं मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही. जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिहायचं. अहवाल आज पाचपर्यंत जायलाच हवा होता.

"तुमच्या सासूबाई आहेत ना घरी?" स्वल्पविराम म्हणाला. "टेलिफोन ऑपरेटर होत्या. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं त्यांचं. आणि तुमचे सासरे घोरायचे, तुम्हीच सांगितलं होतंत. जोडीदार हयातच हवा असं काही नियमात नाही..."

बोलता बोलता तो थांबला. या वेळी जिना नव्हता.

"नाही लिहिलेलं," ती म्हणाली. तिनं कागद पिशवीत घातले.

घरी जाताना तिला एकाच प्रश्नाची धास्ती होती. सातव्या. तो तिनंच इंग्रजीत आणला होता, तीन वेळा तपासला होता. जोडीदाराचा श्वास थांबलेला लक्षात आल्यावर तुम्ही काय करता? खाली तीन पर्याय: हलवून उठवते, काही करत नाही, दुसऱ्या खोलीत जाऊन झोपते.

ती दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली होती. आधी वर्षभर ती कोपरानं ढोसायची, सेकंद मोजायची. एकदा अठरापर्यंत गेली होती. मग शब्दसूचीचं काम आलं, डोळे चुरचुरू लागले आणि नवराच म्हणाला, "बाहेर दिवाणावर झोप बाई. निदान एकाची तरी झोप होऊ दे." पंधरा दिवसांसाठी म्हणून नेलेली उशी दोन वर्षं दिवाणावरच राहिली. एका सकाळी तो उठला नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद. श्वासाचं त्यात काही नव्हतं. ते कुणीच सिद्ध करू शकलं नसतं, तीसुद्धा.

सासूबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत: "झोपेतच गेला, काही कळलं नाही त्याला." सुनेला त्यांनी कधीच काही विचारलं नव्हतं. घरात आता दोघीच उरल्या होत्या, आणि तो न विचारलेला प्रश्न त्यांच्या ताटांशेजारी रोज वाढलेला असे.

"परीक्षाच म्हण की," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "नापास झाले तर?"

"नापास मी होणार, आई. तुम्ही नाही. एकदा सुरू केलं की मी मध्ये बोलणार नाही हं."

"बरंय. निदान एक दुपार तरी सून उलटून बोलायची नाही."

पहिले सहा प्रश्न भराभर झाले. सासूबाई एकेक शब्द सुटा करून वाचत, पूर्वी फोनवर नंबर परत म्हणून दाखवत तसा. सासऱ्यांचं घोरणं किती जोरात? "शेजारचे भाडेकरू वर्षभरात सोडून गेले, एवढं." त्यांना दिवसा झोप यायची? "माझ्या भावाच्या लग्नात, फोटो काढताना, उभ्यानं." ती लिहीत होती.

सातवा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला.

"विचारलंय की, श्वास अडकला तर मी काय करते. बरोबर? बोलायचं नाही का तुला, बरं." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "अगं, घोरणं चालू असलं की मला झोप लागायची. थांबलं की जाग यायची. एक्स्चेंजमध्ये चाळीस लाइनींचा गलका असायचा, त्याचं काही नाही. एखादी मध्येच मुकी झाली की मान आपोआप वळायची. तसं. थांबले की हलवायचे ह्यांना. पहिल्या पर्यायावर खूण कर."

तिनं खूण केली.

"मुलाचंही तेच होतं," सासूबाई म्हणाल्या. "माझा पलंग त्याच्या खोलीच्या भिंतीला लागून. तू बाहेर झोपायला लागलीस, तेव्हापासून मी भिंतीवर वाजवायचे. पाण्याचा पेला असतो ना उशाशी, त्यानं. दोन टोले. मग तो कूस बदलायचा आणि गाडी परत सुरू."

तिचं पेन थांबलं. दिवाणावर तिला ते टोले ऐकू येत. दोन वर्षं आले होते. वरच्या मजल्याचे नळ, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं आणि एकदा घरमालकाकडे तक्रारही केली होती. गेल्या आठ महिन्यांत नळ एकदाही वाजले नव्हते, आणि हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"त्या दिवशी मला सर्दी होती," सासूबाई त्याच आवाजात म्हणाल्या. "संध्याकाळी केमिस्टकडून गोळी आणलीस बघ तू. मीच मागितली होती. चांगली झोप लागली. उजाडेपर्यंत."

तिला बोलावंसं वाटलं. गोळी मीच आणली, असं काहीतरी. किंवा दिवाणाबद्दल. पण नियम होता, आणि नियम नसता तरी तिला शब्द सापडला असता असं नाही.

"लिहिलंस?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"मग लिही. जसंच्या तसं लिहायचं म्हणालीस ना? पेला लिही, गोळी लिही. सगळ्यांना सांगत असते, त्याला काही कळलं नाही म्हणून. कळलं नाही ते मला."

तिनं लिहिलं. ओळ पुरेना, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. सासूबाई पेनाकडे पाहत होत्या, एखादा शब्द सुटतोय का ते तपासत असाव्यात तशा. मग त्यांनी स्वतःच कागद ओढून आठवा प्रश्न वाचायला घेतला, नववा, दहावा. शेवटी सही केली, जुन्या सवयीनं खाली वेळही टाकली: दोन वाजून चाळीस मिनिटं.

"झालं? पास का?"

"पास."

"मग जरा पडते मी. चारला हलव मला. नाहीतर डोकं जड होतं." आत जाता जाता त्या दारात थांबल्या. "हलव हं. हाक मारू नकोस. हाकेनं मला जाग येत नाही आता."

तिनं कॉम्प्युटर उघडला. सलूनवाल्याच्या बायकोचा रकाना पुसला. पाचव्या मुलाखतीचा मजकूर मुलाखतीतल्याच क्रमानं उतरवला, पेला आणि गोळीसकट. अहवालात शेवटी ठरलेलं एक वाक्य असतं, ते तिनं टाइप केलं: उत्तर देणाऱ्या व्यक्तीस कोणताही प्रश्न समजण्यास अडचण आली नाही. सव्वातीनला तिनं अहवाल पाठवला.

मग दिवाणावरची उशी उचलून तिनं कपाटात ठेवली. कपाट बंद केल्यावर ती कुठे झोपणार हे तिला ठरवता येईना, म्हणून परत काढली.

आतून सासूबाईंचा श्वास येत होता, बारीक, सरळ. पावणेचारलाच ती त्यांच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. उशाशी पेला होता, पाण्यानं भरलेला. ती घड्याळाकडे पाहत राहिली, आणि चार वाजल्यावर तिनं वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.