आईच्या खोलीचं दार

मित्सुए प्रदर्शनावरून घरी आली तेव्हा आईच्या खोलीचं सरकतं कागदी दार बैठकीत खिडकीला टेकवून ठेवलेलं होतं. लाकडी चौकटींवर नवाकोरा पांढरा कागद, अगदी ताणून बसवलेला.

"तुझ्या भावाने धाडलेली दाराची पेटी आली बरं का," नवरा, तेइजी, बाह्या खाली करत म्हणाला. "म्हटलं, नवं वर्ष तोंडावर आलंय. व्हँकूवरला आलो म्हणून काय दाराला नवा कागद लावायची रीत सोडायची? म्हाताऱ्याचा हात चालतो की नाही अजून, बघ!"

"आणि जुना कागद?"

"अगं, काय कळकट! जागोजागी ठिगळं. पाणी मारलं, खळ सुटली, आला हातात."

पांढऱ्यावर पांढऱ्या कागदाचे तुकडे चिकटवून मित्सुए चित्रं करी. लोकांना त्यांत बर्फ दिसे, धुकं दिसे. ती नुसती मान हलवी. लहानपणी ती ओल्या बोटाने या दाराला भोकं पाडायची, आणि आई रागावत रागावत प्रत्येक भोकावर कागदाचं फूल कापून चिकटवायची. मागून ऊन आलं की फुलं तेवढी गडद दिसत. आई गेली, घर पाडायला निघालं, तेव्हा तिने भावाकडे एवढं दार मागितलं. शेवटचं मोठं चित्र त्याच कागदाचं करायचं होतं. चित्र पुरं होईपर्यंत त्याबद्दल बोलायची तिला सवय नव्हती. तेइजीलाही ती बोलली नव्हती.

न्हाणीघरातल्या बादलीत करडा लगदा होता. तिने हात घालून पाहिलं. फुलांचा कागद दाराचाच, खळही तीच. फूल वेगळं निघेना.

"चुकलं का गं काही?"

"नाही हो. एक सुरकुती नाही."

मग तिने बोट ओलं केलं आणि नव्या कागदात खुपसलं.

"मित्सुए! वेड लागलं का? आत्ता लावलाय!"

"कात्री द्या जरा."

तिने फूल कापलं. पाचही पाकळ्या सारख्या आल्या. आईची एक नेहमी लहान पडायची. तिने दुसरं कापलं, एक पाकळी लहान ठेवून. ती मुद्दाम ठेवलेली दिसत होती.

तेइजीने फुलाकडे पाहिलं, मग भोकाकडे.

"तसलीच होती गं ती ठिगळं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं..." आणि तिथेच खाली बसला.

"चहा टाकते," मित्सुए म्हणाली. पण उठली नाही. भोकातून येणारं ऊन तिच्या हातावर पडलं होतं.