बिनआवाजाचा ब्रेक

"काका, अजून किंचित," मालक म्हणाला. "चाक फिरायला हवं, पण लगेच दमायला हवं."

मी मागच्या ब्रेकचा स्क्रू सैल केला, पॅड केसभर आत सरकवलं आणि स्क्रू पुन्हा आवळला. चाक उचलून फिरवलं. तीन गिरक्यांत थांबलं, पण आवाज झाला नाही. आवाज न होऊ देता ब्रेक घासायला लावणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. सव्वीस वर्षं सायकली दुरुस्त करून हाताला जे वळण लागलं, ते शेवटी या कामी आलं. मग टायरमधली थोडी हवा सोडली आणि हात पुसले. स्वतःची किळस यावी असं काम मी नेहमीच्या सफाईने उरकलं.

थोरले मालक होते तोवर दुकान साध्या सायकलींचं होतं. मुलगा गल्ल्यावर बसला तशा काचा आल्या, दिवे आले आणि डोंगरात चालवायच्या बॅटरीच्या सायकली आल्या. दर रविवारी आमच्याकडे 'तुलना दिवस' असतो. दारात दोन सायकली उभ्या करायच्या आणि वर पाटी लावायची: स्वतः चालवा, स्वतः ठरवा.

तुलना खरी करायची तर थोडक्यात होते. एकीची मोटर मागच्या चाकात असते. ती चाक थेट फिरवते, साखळीवर ताण येत नाही, सपाट रस्त्यावर राणीसारखी चालते. पण लांब चढावर हळू चालवली की तापते आणि जळू नये म्हणून आपली आपण बंद पडते. दुसरीची मोटर पेडलपाशी असते. ती साखळीतून जोर लावते, त्यामुळे गिअर हलका केला की तीही हलकी होते आणि तासभर चढली तरी कुरकुर करत नाही. तिची साखळी वर्षभरात झिजते, एवढंच. पण गोदामात चाकातल्या मोटरच्या चाळीस सायकली धूळ खात होत्या, म्हणून दुसरीचा ब्रेक घासत होता.

याचं मला इतके दिवस फारसं काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. येणारी गिऱ्हाइकं मोबाइलवर आकडे पाठ करून यायची. साखळी की पट्टा, अकरा गिअर की बारा, यावर माझ्यासमोर नाकाने कांदे सोलायची आणि सायकल नेऊन जिन्याखाली उभी करायची. अशांना कुठलीही गळ्यात मारली तरी काय बिघडणार, असं मी स्वतःला समजावत होतो.

त्या रविवारी पोस्टमनबाई आल्या.

टेकडीवरच्या वस्तीचं टपाल वाटणारी ही बाई. वय बावन्न-त्रेपन्न. त्यांची साधी सायकल मी वीस वर्षं सांभाळली होती. पाठीला पोक नाही, बोलण्यात कुरकुर नाही. त्या दिवशी मात्र जरा ओढलेल्या दिसल्या.

"दादा, गुडघे बोलायला लागलेत," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणतात, महिन्याभरात बीट, वाटपाची फेरी, वेळेत होत नसेल तर खिडकीवर बसा. मला नाही बसायचं तिकिटं विकत. चार किलोमीटरचा चढ आहे आणि वर सगळी खडी. तेवढं नेईल अशी द्या."

मालक पुढे झाला. "मॅडम, आपण काही सांगतच नाही. तुम्हीच चालवून बघा." त्याच्या आवाजातला तो गूळ ऐकून मला थुंकावंसं वाटलं.

आमच्या दुकानामागचा चढ दीडशे पावलांचा. तेवढ्यात कुठलीच मोटर तापत नाही. बाई चाकातल्या मोटरवर बसल्या आणि झोकात वर जाऊन आल्या. मग दुसरी घेतली. अर्ध्यावर त्यांना उभं राहून पेडल मारावं लागलं. खाली आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"हिच्यात दम नाही हो," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पण दादा, मला त्यातलं कळत नाही. तुम्ही म्हणाल ती नेते."

मालक हसत माझ्याकडे बघत होता. माझं वय अठ्ठावन्न. मला दुसरं कोण ठेवून घेणार? मी खाली वाकलो, पंप उचलला, त्याची नळी गुंडाळायला लागलो आणि म्हणालो, "दोन्ही चांगल्याच आहेत, ताई. तुम्हाला जी बरी वाटली ती घ्या."

त्यांनी बरी वाटलेली घेतली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही खोटं कुठे बोललात? त्यांनी त्यांची निवडली." तिने माझी बाजू घेतली तेच मला सहन झालं नाही. ताटावरून उठलो.

नंतर तीन रविवार गेले. प्रत्येक रविवारी मी ब्रेक घासता करून दिला. माणूस कशालाही सरावतो असं वाटायचं, पण मी सरावलो नाही, फक्त जास्त वेळ हात धुवायला लागलो.

चौथ्या शनिवारी दुपारी बाई आल्या त्या सायकल ढकलत. अंगात खाकी नव्हती, साधी साडी होती.

"दादा, जरा शिकवता का मला?" त्या म्हणाल्या. "माझं काहीतरी चुकतंय. रोज अर्ध्या चढावर मोटर बंद पडते. थांबले की थोड्या वेळाने चालू होते, पुन्हा बंद. थैली हलकी करून बघितली, दोन खेपा केल्या. तरी तेच. ढकलायलासुद्धा जड आहे ही."

"अन् बीट?" मी विचारलं.

"ती दिली दुसऱ्याला. काल लिहून दिलं मी, पायात ताकद राहिली नाही म्हणून. खिडकी तर खिडकी. पण तिथे जायला-यायला हीच आहे ना आता, म्हणून म्हटलं शिकून घ्यावं."

जवळजवळ महिनाभर ही बाई सव्वीस किलोचं धूड टेकडीवर ढकलत होती आणि दोष स्वतःच्या पायांना देत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो. "ही लांब चढावर तापून बंद पडणारच. तुम्हाला ती दुसरी हवी होती. त्या दिवशी तिचा ब्रेक मी घासत ठेवला होता. मुद्दाम."

गल्ल्यावरून मालक ओरडला, "काका, काय बडबडताय?" मी तिकडे पाहिलं नाही. दुसरी सायकल बाहेर काढली, पॅड मोकळं केलं, टायरमध्ये हवा भरली. चाक फिरवलं तर ते कितीतरी वेळ फिरत राहिलं. गिअर सगळ्यात हलका टाकून सायकल त्यांच्यापुढे धरली.

"एकदा बसा," मी म्हणालो.

त्या बसल्या. दीडशे पावलांचा चढ बसल्या जागी चढून पुढे पाण्याच्या टाकीपर्यंत गेल्या. तो रस्ता तर चांगलाच उभा आहे. टाकीला वळसा घालून परत आल्या, उतरल्या. धाप लागली नव्हती. एक हात गुडघ्यावर ठेवून त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"पायात आहे की हो ताकद," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच.

मालक एव्हाना दारात आला होता. "मॅडम, विकलेला माल आपण—"

"मी काही मागितलंय का?" बाई म्हणाल्या.

"ताई, ही घेऊन जा," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता ऑफिसात जा, साहेबांना चढून दाखवा. मालकाचं मी बघतो."

"कालच सगळ्यांनी निरोप दिला मला, दादा. वरच्या वस्तीतल्या बायका रडल्या." त्यांनी ती सायकल भिंतीला नीट टेकवली आणि आपली घेतली. मागचं चाक उंबऱ्याला अडलं. मी उचलायला पुढे झालो.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हात नका लावू."

त्यांनी चाक स्वतः उचलून बाहेर ठेवलं, पदर खोचला आणि सायकल हातात धरून चालत निघाल्या. पुढचा रस्ता उताराचा होता, तरी त्या बसल्या नाहीत.