दाराशी बसलेली जाऊ

त्या घरात काहीही बिघडलं की हाक थोरलीला जायची, आणि थोरलीला ते मनापासून आवडायचं. सासूबाईंच्या फोनमधले फोटो गायब झाले, दिराचा प्रिंटर कागद चावायला लागला, नवऱ्याचा पासवर्ड त्याच्याच डोक्यातून उडाला, की लगेच, "अगं, जरा बघतेस का?" मग तिने कपाळाला आठ्या घालायच्या, बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि सगळ्यांनी हुश्श म्हणायचं. ती एका मोठ्या इस्पितळाच्या हेल्पडेस्कवर होती. हेल्पडेस्क म्हणजे डॉक्टरांचा कॉम्प्युटर अडला की ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस. तिथे वर्षानुवर्षं बोलणीच खाल्लेली, त्यामुळे घरचं कौतुक तिला जरा जास्तच गोड लागे.

आणि मग धाकटी जाऊ शिकायला लागली.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला ईमेलला फाइल कशी जोडायची तेही येत नव्हतं. कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. थोरलीनेच तिला शेजारी बसवून शिकवलं, आणि शिकवताना "सोप्पं आहे गं वेडे" असं म्हणायला तिला फार मजा यायची. पुढे ते दुकान बंद पडलं. धाकटीने एक महिना तोंड पाडून काढला आणि एक दिवस नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटचा क्लास लावून आली. थोरलीने तोंडभरून कौतुक केलं. ही चार दिवसांत सोडणार याची खात्री होती, त्यामुळे कौतुकाला हात आखडता घ्यायचं काही कारणच नव्हतं.

धाकटीने सोडलं नाही. फ्रिजच्या दारावर कागद चिकटले, बाथरूमच्या आरशावर चिकटले. भांडी घासताना ती आकडे पुटपुटायची. सासूबाईंनासुद्धा लागण झाली. "हे डीएचसीपी म्हणजे गं काय?" त्यांनी एकदा विचारलं. धाकटी म्हणाली, "पाहुणा आला की आपण त्याला खुर्ची दाखवतो ना, इथे बसा म्हणून? तसं नवीन मशीन आलं की त्याला पत्ता द्यायचा." सासूबाईंना झटक्यात कळलं. खरं सांगायचं तर थोरलीलाही त्या दिवशीच नीट कळलं, आणि त्याचाच तिला राग आला.

जेवताना धाकटी विचारायची, "ताई, तुमच्या इस्पितळात नेटवर्कचे वाटे, ते सबनेट, कसे पाडलेत हो?" तिच्या मनात काही नव्हतं. थोरली ताटातली नजर न उचलता म्हणायची, "ती सगळी पुस्तकी बडबड. कामाला काही उपयोग नसतो त्याचा." कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं कुणी म्हणेल. पण या कोल्ह्याने आधी दोनदा उडी मारली होती आणि दोन्ही वेळा कंबर धरून घरी परतला होता. याच सर्टिफिकेटची परीक्षा थोरलीने दोनदा दिली होती, दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून, रजा काढून. दोन्ही वेळा नापास. दात मात्र अगदी ठणठणीत होते. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिने सर्टिफिकेटवाल्यांना नावं ठेवायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण इस्पितळात नेटवर्क विभागात एक जागा निघाली. ती ज्या जागेकडे डोळे लावून बसली होती, तीच. तिथे कुणी ओरडत नाही, उलट लोक अदबीने विचारतात, आणि बसायला वेगळी खोली. अट एकच, ते सर्टिफिकेट. थोरलीने सूचना वाचली आणि घरी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पण आजकाल काय लपतं? दोन दिवसांनी धाकटीच मोबाइल घेऊन आली.

"ताई, ही तुमच्याकडचीच जागा ना? परीक्षा पास झाले तर मला अर्ज करता येईल. पण तुम्ही करणार असाल तर मी नाही करत हं."

आता या 'तुम्ही करणार असाल तर'चं काय करायचं? "मला कशाला हवीय ती कटकट? तू कर की," थोरली हसून म्हणाली. हसताना तिचे गाल दुखले. त्या रात्री तिने नवऱ्याला विनाकारण झाडलं आणि तो बिचारा आपलं काय चुकलं याचा विचार करत झोपला.

परीक्षा घरूनच द्यायची होती, कॉम्प्युटरवर. तिचे नियम ऐकून सासूबाई म्हणाल्या की याच्यापेक्षा तुरुंग बरा. खोली रिकामी हवी. भिंतीवर कागद नको. कॅमेऱ्याने चारी कोपरे दाखवायचे. लांब कुठेतरी बसलेला एक माणूस कॅमेऱ्यातून पूर्ण वेळ बघत राहणार. बोलायचं नाही, उठायचं नाही, आणि कुणी आत पाऊल टाकलं की परीक्षा रद्द, फी बुडाली. नेट थोडा वेळ गेलं तर सांभाळून घेतात, पण लगेच आलं नाही तर संपलं. पुन्हा बसायला पुढची तारीख, आणि तोवर अर्जाची मुदत गेलेली.

"बाहेर कोणीतरी खमकं बसायला हवं," धाकटी म्हणाली. "ताई, तुम्ही बसाल? दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही मला."

दुधाच्या राखणीला मांजर बसवतात ते असं. थोरलीने सुट्टी घेतली. वायफायचा भरवसा नको म्हणून तिनेच ऑफिसातून लांब केबल आणली, पॅसेजमधल्या नेटच्या डब्यापासून दाराच्या फटीखालून आत नेली, धाकटीच्या लॅपटॉपला जोडली, त्याचं वायफाय बंद केलं. दिवे लागलेले बघितले. मग दाराशी खुर्ची टाकून बसली. डबा तिच्या कोपरापाशी, स्टुलावर.

सुरुवातीला सासूबाई तोंडावर बोट ठेवून चोरपावलांनी फिरत होत्या. मग त्यांना स्वतःच्याच शांततेचा कंटाळा आला आणि त्या आपल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. आता पॅसेजमध्ये थोरली एकटी. दारापलीकडून माऊसचा आवाज येत होता. टिक. जरा थांबून पुन्हा टिक. तो आवाज अडखळत नव्हता. ही परीक्षा अडखळत दिली की माऊस कसा वाजतो ते थोरलीला चांगलं ठाऊक होतं.

तिला पुढचं सगळं दिसायला लागलं. धाकटीच्या गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र. धाकटी वेगळ्या खोलीत. धाकटी तिच्या टेबलापाशी येऊन गोड आवाजात म्हणतेय, "ताई, तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर जरा बघता का?" आणि घरी? घरी सासूबाई फोन घेऊन कुणाकडे जातील?  थोरलीने शिकवलं, हात धरून शिकवलं, आणि आता धाकटीच डोक्यावर पाय देऊन वर जाणार. तेही इतक्या चांगुलपणाने की धड भांडतासुद्धा येऊ नये.

केबल जिथे डब्यात शिरते तिथे प्लास्टिकची एक छोटी खिट्टी असते. ती दाबली की केबल सुटते. थोरलीचं बोट त्या खिट्टीवर होतं. आपण काही ठरवलं नव्हतं, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली. सांगायला काय जातं? न ठरवता बोट बरोबर तिथेच कसं गेलं असतं?

केबल हातात आली. डब्यावरचा एक दिवा विझला.

आतला आवाज थांबला.  आता रडणं ऐकू येईल, दार उघडेल, मग आपण धावायचं, डबा हातात घ्यायचा, कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. सगळं तिने क्षणात मनात जुळवून ठेवलं.

दार उघडलं नाही. आतून हाक आली.

"ताई!"

फक्त एवढंच. नेट गेलं, आता काय करू, असलं काही नाही. एकच हाक, खणखणीत, घरातलं कुणीही मारायचं तशी. नेट तुटलेलं, त्यामुळे ती तिकडच्या माणसाला ऐकू जाणार नव्हती.

थोरलीच्या हाताने काम केलं. खिट्टी जागेवर बसल्याचा खट् असा आवाज झाला. दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. किती तरी वेळ आत शांतता होती. मग माऊस वाजला. टिक. थोरली खुर्चीला टेकून बसली.

धाकटी पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. बाहेर आली ती थेट थोरलीच्या गळ्यात पडली. "मध्येच नेट गेलं होतं. ताई होत्या म्हणून लगेच आलं!" ती सासूबाईंना म्हणाली. झालं. सासूबाईंना तेवढंच पुरे होतं. शेजारीण, दूधवाला, लांबची आत्या, फोनवर येईल त्याला त्या सांगत सुटल्या, "थोरलीने वाचवलं हो. नाहीतर पोरीचं वर्ष गेलं असतं." प्रत्येक कौतुक थोरलीला कानाखाली बसल्यासारखं लागत होतं.

इस्पितळाने मुलाखतीला बोलावलं आणि घेतलंही. "तुमची जाऊ ना? हुशार आहे हो," थोरलीचे साहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी थोरलीला हुशार म्हटल्याचं तिला आठवेना. आता कुणाला वाटेल, की एवढी शरम वाटल्यावर तरी हेवा गेला असेल. छे! तो जागच्या जागी होता. उलट आता शरमेची सोबत मिळाल्याने अगदी ऐसपैस बसला होता.

धाकटीला कामावर जायला दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. खाली सासूबाई कुणाला तरी फोनवर तीच गोष्ट ऐकवत होत्या, आणि आता त्यात थोरली डब्याशी अर्धा तास झुंजत होती. चादरीची दोन टोकं धाकटीने धरली होती, दोन थोरलीने.

"त्या दिवशी नेट गेलं नव्हतं," थोरली एकदम म्हणाली.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "चादर ताणून धरा ना, घडी वाकडी पडतेय."

थोरलीने चादर ताणली. 

"कंपनीचं नेट गेलं असतं तर स्क्रीनवर नुसतं 'इंटरनेट नाही' असं आलं असतं," धाकटी शांतपणे सांगत होती. "मला आलं, 'केबल काढली आहे'. दुसऱ्याच धड्यात आहे ते, ताई."

आणि हे थोरलीला ठाऊक नव्हतं? रोज फोनवर ती लोकांना तेच तर सांगायची, केबल बसलीय का बघा आधी. फक्त आत बसलेल्या बाईलाही ते वाचता येतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या लेखी धाकटी अजून फाइल जोडायला शिकत होती.

"कळलं होतं तर ओरडली का नाहीस? आई घरात होत्या."

"आई काय करणार होत्या? केबल तुमच्या हातात होती. ज्याच्या हातात आहे त्यालाच हाक मारायची ना?" धाकटी चादरीची टोकं घेऊन जवळ आली. आता दोघींमध्ये हातभर अंतर उरलं होतं. "मला वाटलं, हाक मारली तर तुम्ही लावाल."

हेही तिला आपल्याआधी कळलं होतं, आपल्यालाच आपल्याबद्दल जे माहीत नव्हतं ते. थोरलीला त्याही क्षणी तिचा हेवा वाटला, आणि रडूही आलं.

"आणि नसती लावली तर?"

धाकटीने शेवटची घडी घातली, हाताने सपाट केली आणि चादर थोरलीच्या हातात दिली.

"तर परत कधी ताई म्हणून हाक मारली नसती," ती म्हणाली, आणि उरलेले कपडे काढायला दोरीकडे वळली.