कॉलेजची रंगीत तालीम

“खाली रेघ मारा” हे शब्द भूगोलाच्या सरांच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले, खडू मोडून अर्धा खिशात टाकला आणि फळ्यावरच्या नदीकडे पाठ करून उभे राहिले. वर्गातल्या सगळ्या पट्ट्या वह्यांवर आडव्या होऊन तयार होत्या. बारावीच्या या मुलांनी सरांच्या हुकमावाचून आजवर एकही रेघ मारली नव्हती, आणि सरांनीही हुकूम दिल्यावाचून एकही धडा संपवला नव्हता.

“तर, म्हातारी नदी वळसे घेत जाते,” सर म्हणाले. “पटत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्याला एखादी गोष्ट सांगायला लावा.”

एवढं बोलून ते थांबले. या विनोदानंतर हसण्यासाठी ते नेहमीच जागा सोडत. ती जागा तीस वर्षं रिकामी होती. आजही ती रिकामीच गेली.

“नदीचं कार्य इथे संपतं. बाकीचं संदर्भग्रंथांत वाचा, मित्रहो.”

‘मित्रहो’ ऐकून मागच्या बाकावर कोणाला तरी ठसका लागला. गेल्या आठवड्यापर्यंत हेच मित्र ‘गाढवांनो’ होते.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिचा आवाज इतका बारीक होता, की मुलांनी तिचं नाव हळूबाई ठेवलं होतं. गुण मात्र ती दणदणीत मिळवायची.

“सर, हे लिहून घ्यायचं ना?”

“ते तुम्ही ठरवा.”

हळूबाईने मागे वळून पाहिलं. ‘तुम्ही’मध्ये आणखी कोण कोण आहे, हे तिला बघायचं असावं. मागच्यांनी आपण त्यात नसल्याची मान हलवली. तिने पुन्हा पुढे पाहिलं, तोवर सर दाराबाहेर गेले होते.

शाळा सुटल्याची घंटा झाली. पण ती आता ऐकायची नाही असं ठरलं होतं, म्हणून कोणी ऐकली नाही. वर्ग झाडायला आलेल्या मावशींनी “घरीबिरी आहेत की नाही रे तुम्हाला?” असं विचारलं, तेव्हा कुठे सगळे उठले.

ही रंगीत तालीम मोठ्या मॅडमच्या डोक्यातून निघाली होती. शाळा सोडून जाण्याआधी शेवटचे तीन आठवडे बारावीचा वर्ग म्हणजे कॉलेज समजायचं. हजेरी नाही, उतरवून देणं नाही, रागावणं नाही. मुलांना अहोजाहो करायचं. आणि गैरहजर मुलाला “कुठे होतास?” हा प्रश्न कोणत्याही परिस्थितीत विचारायचा नाही. ज्याला अडचण असेल त्याने गुरुवारी दुपारी, भेटीच्या वेळेत, आपण होऊन सरांकडे यायचं. सरांनी बोलवायचं नाही.

यामागे कारण होतं. गेल्या वर्षी शाळेतून चांगल्या गुणांनी गेलेली तीन मुलं पहिल्याच सत्रात कॉलेज सोडून घरी बसली होती. भांडण नाही, आजारपण नाही, नापासही नाहीत. “तिथे कोणी काही सांगतच नाही,” असं त्यांतला एकजण म्हणाला. तो आता मामाच्या दुकानात बसत होता. तिथे मामा सगळं सांगत होता.

“मुलं पाण्यात पडल्यावर पोहायला शिकवायचं, की आधी?” मोठ्या मॅडमनी शिक्षकांच्या सभेत विचारलं होतं. सगळे “आधी” म्हणाले, आणि आधी शिकवणार कोण, म्हणून सगळ्यांनी भूगोलाच्या सरांकडे पाहिलं. शाळेत सर्वांत जास्त रेघा मारून घेणारा माणूसच या कामाला हवा, असं मॅडमचं मत पडलं. विषाला उतारा विषाचाच, तसं काहीसं.

सर सरावाला घरीही लागले.

“अहो, आज स्वयंपाकाला काय करू?” बायकोने विचारलं.

“तू ठरव.”

“लग्न झाल्यापासून मीच ठरवतेय. आज नवीन काय?”

सोमवारी पहिला बाक रिकामा होता. सरांनी त्याकडे न पाहता पर्वत शिकवले. मंगळवारीही तो रिकामा होता. बुधवारी पर्वत संपून वाळवंट आलं आणि बाक तसाच. खिडकीशी बसणारा मुलगा, ज्याला सगळे खिडकीबाबा म्हणत, तोही सोमवारी नव्हता. पण तो असला काय नि नसला काय, त्याचं लक्ष कायम बाहेरच असे. हळूबाईचं तसं नव्हतं. पाचवीपासून तिने एकही दिवस शाळा बुडवली नव्हती. एकदा ती गालगुंड घेऊनही आली होती आणि वर्गातल्या अर्ध्या मुलांना देऊन गेली होती.

मधल्या सुटीत सर तिच्या मैत्रिणीच्या आसपास घुटमळले. बंदी गैरहजर मुलालाच विचारायची होती, की त्याच्याबद्दल कोणालाही, हे नियमात स्पष्ट नव्हतं. शेवटी त्यांनी खाकरून घेतलं.

“तुमचा... पहिला बाक हवेशीर झालाय.”

मैत्रीण काय समजायचं ते समजली. “ती म्हणत होती सर, इथे आपलेच सर असून असं, तर तिथे काय होईल? मला नाही जमायचं, म्हणाली. कॉलेजचंच काही खरं नाही तिचं.”

सर कार्यालयात गेले. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात जागा मिळाली होती. जागा पक्की करायची मुदत शुक्रवारी संपत होती, आणि कारकुनाकडे तिच्या नावापुढे अजून काहीच आलं नव्हतं.

“मॅडम, तिच्या घरी एक फोन करू?” त्यांनी मोठ्या मॅडमच्या दारात उभं राहून विचारलं.

मॅडमनी कागदांतून मान वर केली नाही. “कॉलेजात करतात का फोन?”

“नाही.”

“मग?”

“पण मॅडम, तालमीतच नट पळाला तर नाटक कोण करणार?”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “उद्या गुरुवार आहे. तुमची भेटीची वेळ. वाट बघा.”

भेटीच्या वेळेसाठी सरांना नकाशांची खोली मिळाली होती. आधीच्या गुरुवारी ते तिथे दोन खुर्च्या समोरासमोर मांडून थर्मास घेऊन बसले होते. कोणी आलं नव्हतं. पृथ्वीचा जुना गोल मात्र आसातून निसटून त्यांच्या पायाशी गडगडत आला होता. त्याला त्यांनी परत जागेवर बसवलं होतं.

या गुरुवारी त्यांनी दुसरी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, मग ते फार आमंत्रण वाटतं म्हणून तिरकी केली. चहा थर्मासच्या झाकणात ओतला आणि प्यायचा राहिला. ‘ते तुम्ही ठरवा.’ तीनच शब्द. तीस वर्षांत त्यांनी मुलांना काय काय म्हटलं होतं! दगड, ठोंबे, शाळेच्या इमारतीला लागलेली वाळवी. त्यातून कोणी शाळा सोडली नव्हती. आणि पहिल्यांदा अहोजाहो केलं, तर वर्गातली सगळ्यांत गुणी पोर घरी बसली.

दारावर टकटक झाली. इतकी बारीक, की कोण आहे हे सांगायची गरज नव्हती.

“या,” सर म्हणाले. “बसा.”

हळूबाई तिरक्या खुर्चीच्या कडेवर बसली. गणवेश नव्हता. चपलांवर लांबची धूळ होती. सरांनी दोन्ही हात टेबलावर एकमेकांत गुंतवून ठेवले, आणि जीभ दातांमागे.

“सर, आता भेटीची वेळ आहे ना?”

“आहे.”

“मग बोलू?”

“ते तुम्ही—” सर म्हणाले आणि घाईने थांबले. “बोल. बोल ना.”

“सर, मी कॉलेजात होते.”

“कोणत्या कॉलेजात?”

“आपल्या नाही, खऱ्या.” तिने पदरी काही नसल्यासारखे हात ओढणीत गुंडाळले. “तुम्ही म्हणालात तुम्ही ठरवा. घरी बाबा म्हणतात, तुला कळतं, तू ठरव. आई म्हणते, बाबांना विचार. मग म्हटलं, न बघता कसं ठरवायचं? म्हणून बघायला गेले.”

“आत कोणी सोडलं?”

“कोणी अडवलंच नाही. खूप वर्ग होते. एका फळ्यावर नदी काढलेली दिसली, म्हणून तिथे मागे जाऊन बसले.”

सरांनी चहा पुढे सरकवला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

“ते सर शिकवत होते. मग म्हणाले, म्हातारी नदी वळसे घेत जाते, पटत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्याला गोष्ट सांगायला लावा. आणि थांबले.”

सरांनी थर्मासचं बूच लावायला घेतलं आणि उलटं लावलं.

“कोणीच हसलं नाही, सर. पण मला इतकं हसू आलं! एकटीच हसले, मोठ्याने. सगळे वळून बघायला लागले. त्या सरांनी विचारलं, कुठली शाळा? मी सांगितलं. म्हणाले, वाटलंच. बस खाली.”

“दिसायला कसे आहेत?”

“टक्कल आहे. चष्मा आहे. खडू मोडतात आणि अर्धा खिशात टाकतात.”

सरांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. त्यांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. पण त्यांच्या आठवणीतल्या सगळ्या मुलांना केस होते.

“रेघ मारायला सांगतात?”

“‘खाली रेघ मारा. माणसासारखी मारा.’ पोरं मारतात पण.”

सर खिडकीकडे पाहत राहिले. मोठ्या मॅडमना हे कसं सांगायचं, हा एक प्रश्नच होता.

“पण सगळे तसे नाहीत,” हळूबाई म्हणाली. “दुसऱ्या तासाला एक मॅडम आल्या, भराभर बोलल्या आणि गेल्या. कोणाकडे बघितलंपण नाही. मी घाबरले. मंगळवारी गेलेच नाही, घरी पांघरूण घेऊन पडून होते. म्हटलं, नकोच ते. बुधवारी उगीच शेवटचं म्हणून गेले. तर ते सर आत आले, सगळीकडे बघितलं आणि मला म्हणाले, काल कुठे होतीस?”

तिचा आवाज आणखी बारीक झाला. सर पुढे झुकले.

“मी म्हटलं, सर, मी इथली नाहीये. तर म्हणाले, ते मला माहितीये. काल कुठे होतीस?”

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तो अजून धूसरच आहे असं पाहून पुन्हा काढला.

“एकजण विचारणारा असला की बाकीचं चालतं, सर,” हळूबाई म्हणाली. “जागा पक्की करूनच आले आज. हे सांगायलाच आले होते.” ती उठली, आणि झाकणातला चहा संपवून ते झाकण धुवायला बाहेरच्या नळावर घेऊन गेली. शाळेची सवय.

मोठ्या मॅडम अजून आपल्या खोलीत होत्या. सरांनी दारातूनच सांगितलं की भेटीची वेळ पार पडली, विद्यार्थिनी आपण होऊन आली, तिने कॉलेजची जागा पक्की केली आहे. टकलाचा आणि रेघेचा भाग त्यांनी अहवालातून गाळला.

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की समोरचा कागद हलला.

“काल संध्याकाळी मी तिच्या गल्लीवरून गेले होते,” त्या म्हणाल्या. “दोनदा. सहजच हं.”

“कॉलेजात जातात का कोणी गल्लीवरून?”

“जा घरी, सर.”

शुक्रवारी सकाळी पहिला बाक भरलेला होता. सर वर्गात आले. ‘मित्रहो’ म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि फळ्याकडे वळून मिटलं. वाळवंटातल्या वाऱ्याचं कार्य राहिलं होतं. तालमीचाही एक आठवडा राहिला होता. त्यांनी खडू उचलला, मोडला, अर्धा खिशात टाकला आणि मागे वळले.

“काय गं,” ते पहिल्या बाकाला म्हणाले, “चार दिवस कुठे होतीस?”

वर्ग चपापला. हळूबाई उठून उभी राहिली. तिने ते उत्तर कालच दिलेलं होतं. तरी तिने ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने दिलं.

“कॉलेजात होते, सर.”

हशा पिकला. सरांनी तो ओसरेपर्यंत जागा सोडली. इतक्या वर्षांनी ती कशी भरते, हे त्यांना जरा बघायचं होतं.

“बस खाली. वह्या काढा, गाढवांनो.”

वह्या निघाल्या, पट्ट्या निघाल्या. सर फळ्याकडे वळणार, तेवढ्यात खिडकीशी एक हात वर झाला. बाहेर बघायचं सोडून खिडकीबाबा उभा राहिला होता, आणि आपल्यावर अन्याय झाल्यासारखा त्याचा चेहरा होता.

“सर,” तो म्हणाला, “सोमवारी मीपण नव्हतो.”