समासात लिहिलेलं उत्तर

मी एक प्रश्नावली बोलतेय. एका पानाची, सतरा प्रश्नांची. आईबाप झाल्याचा माणसाला किती पश्चात्ताप होतो, हे मोजायला माझा जन्म झाला. एक म्हणजे 'मुळीच नाही', पाच म्हणजे 'फार'.

मला घडवण्यात एका प्राध्यापकांची तीन वर्षं गेली. त्यांची मुलं दार वाजवायची, तेव्हा "बाबा कामात आहेत" म्हणून बायको त्यांना दूर न्यायची. एका सहकाऱ्याने सुचवलं, आधी स्वतः भरून बघा. सर म्हणाले, वेळ कुठाय?

छापून झाल्यावर मी लहान मुलांच्या दवाखान्यात पोचले आणि कपडे शिवणाऱ्या एका बाईच्या हाती पडले. मांडीवर तापलेलं बाळ, पायाशी थोरली, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मोबाइलमध्ये बुडालेला नवरा. त्यालाही माझी एक बहीण मिळाली होती. ती त्याने बायकोकडे सरकवली.

"माझी पण भर ना. मला काय वाटतं ते तुला माहितीये."

तिने भरली. सगळीकडे एक.

माझी पाळी आली तशी सासूबाईंची मान लांबली. शेवटच्या प्रश्नालाही तिने मुकाट्याने एकवर खूण केली. सासूबाई थोरलीला पाणी पाजायला उठल्या, तेव्हा ती खोडून चारवर केली आणि समासात दाबून लिहिलं, 'मुलांचा नाही. एकटीनं वाढवण्याचा. नवरा शेजारीच बसलाय.'

सरांनी मला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. एका प्रश्नाला दोन खुणा, वर मजकूर. संगणकात भरायचा कुठे? माझ्यावर 'बाद' असा शिक्का बसला. नवऱ्याची मात्र नमुनेदार ठरली. अहवालात आलं की वडिलांना पश्चात्ताप जवळजवळ नसतोच. सभागृहात टाळ्या पडल्या.

बाद कागद मुलांना चित्रं काढायला म्हणून सरांच्या घरी आले. एका दुपारी धाकटी माझ्या पाठीवर खडू घासत होती, तर उलटी अक्षरं उठून आली. तिच्या आईने मला उलटवलं. समास वाचला. खाली बसून पुन्हा वाचला. मग त्याखाली लिहिलं, 'माझंही हेच', आणि मला सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

सरांनी अक्षर ओळखलं नाही. "ही कुठल्या केंद्रातली?"

"घरातली," त्या म्हणाल्या.

आठवडा झाला, मी तिथेच आहे. मला रद्दीत टाकायचा धीर सरांना होत नाही, आणि बोलायचाही. वाचकहो, माझी एखादी बहीण तुमच्या दारी आली, तर एवढं करा. आपली आपण भरा.