कोपराची जागा

माधुरी गंजलेल्या पत्र्याजवळ गेली की आधी त्यावर तळहात ठेवते, मग नाक जवळ नेते, आणि उन्हानं तापलेल्या लोखंडाचा तो तुरट वास पोटभर घेतल्यावरच कॅमेऱ्याचं झाकण काढते. ही माझी नणंद. बुऱ्हाणपुरात लोक किल्ल्याचे, राजघाटावरच्या संध्याकाळचे फोटो काढतात. हिला हवं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं खपल्या सुटलेलं फाटक, भंगारात निघालेल्या बसचा उललेला रंग, तापीकाठी पालथ्या पडलेल्या नावेची भेगाळलेली पाठ. तिरपं, कोवळं ऊन मिळावं म्हणून ती ताटकळत उभी राहते, आणि मी शेजारी छत्री धरून तिला मनसोक्त शिव्या देते.

पण तिचं खरं दैवत शाहपूरला, तिच्या काकांच्या खळ्यात उभं होतं: माझ्या सासऱ्यांचा ट्रक. त्यातून त्यांनी जन्मभर केळी दिल्लीला पोचवली. उजवा कोपर खिडकीबाहेर टेकवून चालवायची त्यांची सवय. त्या अखंड घर्षणानं दाराच्या काठावरचा निळा रंग झिजून आतला पिवळा, पिवळा झिजून तांबडा, आणि मधोमध नुसतं लोखंड उघडं पडलं होतं. घरातल्या फोटोत सासरे स्टुडिओच्या भाड्याच्या कोटात अवघडून बसलेत. माधुरीचे आप्पा त्या झिजेत होते. ते गेल्यापासून दर दसऱ्याला, गाडीची पूजा व्हायच्या आधी, ती त्या वीतभर जागेचा फोटो काढायची. का, ते तिनं मला एकटीला सांगितलं होतं.

यंदा दसऱ्याच्या सकाळी आम्ही खळ्यात शिरलो. ट्रक निळाशार चमकत होता. दार पॉलिश पेपरनं घासून, लांबीचा लेप भरून, वर ऑइलपेंटचा जाड हात दिलेला. झेंडूचा हार, केळीचे खुंट, सगळं साग्रसंगीत. कॅमेऱ्याकडे गेलेला माधुरीचा हात वाटेतच थांबला. माझा तर नुसता संताप संताप झाला.

काका रॉकेलच्या बोळ्यानं बोटं पुसत पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मी घशाशी आलेलं गिळलं.

"दर साल तू त्याच खराब जागेचा फोटू काढायची, बाई," ते म्हणाले. "मले वाटे, पोरगी मले दाखवून राहिली, का काकानं भावाची गाडी सडवली. या टायमाले मीच बसलो रंगवायले. अब देख, एक डाग नाही."

माधुरी त्या दाराकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ओळखीचं दार वाजवावं आणि भलत्याच माणसानं उघडावं, तशी ती गोंधळून उभी होती. मग म्हणाली, "छान झालीय, काका. तुम्ही शेजारी उभे राहा." माणसांचे फोटो कधी न काढणाऱ्या माझ्या नणंदेनं निळ्या बोटांच्या त्या म्हाताऱ्याचा फोटो काढला. तो फोटो हललाच.

गेलेल्या माणसाला जो तो आपापल्या जागी, कुणाला न सांगता जपत बसतो. त्याच दारात माधुरीला आप्पा दिसत होते आणि काकांना स्वतःचा गुन्हा. आणि एका आयुष्यानं झिजत झिजत जे उघडं केलं होतं, ते एका जिवंत माणसानं, निव्वळ मायेपोटी, कायमचं झाकून टाकलं.