शरदिनीबाईंच्या छपरावरचा ठिपका

“ये किसका मकान है, चाचाजी?” विष्णूनं नकाशावर बोट टेकवून विचारलं.

बोटाखाली जांभळा ठिपका होता. ढुंढिराज सप्रे वाकले आणि कौतुकानं म्हणाले, “दूधविनायक की गली में, पहला ही. शरदिनी भाभी का.”

विष्णु हा निवडून आलेल्या उमेदवाराच्या कचेरीतला माणूस. त्याला भिंतीवर निकालाचा नवा नकाशा हवा होता, आणि ढुंढिराजांचा जन्म विद्यापीठात नकाशे काढण्यात गेलेला. आधीच्या नकाशात जिंकलेला वॉर्ड सगळाच्या सगळा पिवळा होता. ढुंढिराजांना त्याचा भारी राग. हरलेल्यांना मतं देणाऱ्यांनी काय गंगेत उड्या घ्यायच्या? त्यांनी मतदान केंद्रवार आकडे मिळवले आणि दर दहा मतांना एक ठिपका दिला. जिंकलेल्यांचा पिवळा, हरलेल्यांचा जांभळा. एकही गल्ली एका रंगाची नाही, सगळे मिसळून राहतात, हे लोकांनी डोळ्यांनी बघावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

ठिपके केंद्राच्या हद्दीत कुठेही चालले असते. पण देवळाच्या अंगणात आणि घाटाच्या पायऱ्यांवर कोण राहतं? म्हणून त्यांनी एकेक ठिपका कुणाच्या ना कुणाच्या छपरावर बसवला. कुठल्या छपरावर कुठला रंग, ते मात्र हाताला आलं तसं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

त्याच आठवड्यात शरदिनीबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या.

“भाऊजी, दोघं जण आले होते. घरात वोटर किती, कोण कोण, सगळं पूछून गेले. आमच्या प्रसन्नच्या दुकानाचं पण विचारत होते. परमिट आहे का म्हणे. आम्ही कुणाचं काय बिघाडलं हो?”

ढुंढिराज तसेच विष्णूच्या कचेरीत गेले. नकाशा भिंतीवर होता, आणि जांभळ्या ठिपक्यांभोवती कुणीतरी पेनानं गोल काढले होते.

“भइया, ये बिंदी उनके घर की नहीं है. पूरे बूथ की है. हमने बस जगह देखकर रख दी.”

विष्णु रागावला नाही. त्यानं चहा मागवला, खुर्ची पुढे सरकवली. “गलती हो जाती है, चाचाजी. तो किसके घर की है, वो बता दीजिए. भाभी के घर से हटा देंगे.”

कुणाच्याच घरचा नाही म्हणावं, तर गोल शरदिनीबाईंच्या छपरावर राहणार. दुसऱ्याचं नाव घ्यावं, तर उद्या त्याच्या दारात उभं राहायचं कुठल्या तोंडानं?

“हमारे मकान पर रखिए,” ढुंढिराज म्हणाले. “एक वोट हमारा. बाकी नौ हमको नहीं मालूम.”

“आप भी?” विष्णु हसला. त्यानं शरदिनीबाईंच्या घरावरचा गोल खोडला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. “लीजिए, आप ही बनाइए. आपका हाथ साफ़ है.”

ढुंढिराजांनी गोल काढला. सवयीनं तोही सुबक आला.

घरी कालिंदीबाई परवलाची भाजी चिरत होत्या. सगळं ऐकून त्यांची विळी थांबली. मत कुणाला दिलं, हे या नवराबायकोनं कधी एकमेकांना विचारलं नव्हतं.

“माझं मत जांभळ्यालाच गेलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

ढुंढिराजांनी स्वतः पिवळ्याला मत दिलं होतं. ते तिला सांगायला त्यांची जीभ रेटेना.

गल्लीत मोटरसायकल थांबली. कुणीतरी मोठ्यानं घराचा नंबर वाचत होतं. कालिंदीबाई विळी मिटून उठू लागल्या.

“तू बस,” ढुंढिराज म्हणाले आणि दाराशी गेले.